दोनशे दोन

ताईचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

"तुझा प्रोग्रॅम झालं म्हणाला," ती म्हणाली, "आणि फ्रीझर उणे अडुसष्टवर आलाय."

तो उणे ऐंशीवर असायला हवा. त्यात ताईने नऊ वर्षांत गोळा केलेले पेशींचे नमुने होते, आणि तापमान उणे पन्नासच्या वर गेलं की ते कामातून जातात. फ्रीझर दुसऱ्या शहरात, सहा तासांवर. त्या खोलीत कोणी बसत नाही. यंत्रं, दार, नोंदी, सगळं तिथला सर्व्हर बघतो. त्याला इथून हुकूम देण्याचा प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि उत्तराची वाट पाहायची.

सकाळी ताईने फ्रीझर थंड ठेवणारं राखीव यंत्र चालू करण्याचा हुकूम दिला. पडद्यावर 'झाले' आलं. मग तिने तिथे गेलेल्या मिस्त्रीला फोनवरून सांगितलं, मुख्य यंत्र काढा. त्याने ते काढलं, दुरुस्तीसाठी गाडीत टाकलं आणि आपोआप कुलूप लागणारं दार ओढून निघून गेला.

मी सर्व्हरचं मूळ, आकड्यातलं उत्तर उघडून पाहिलं. दोनशे दोन.

"म्हणजे काय?"

"हुकूम मिळालाय, रांगेत लावलाय. अजून केलेला नाही."

"मग झालं कशाला म्हणतो?"

तीन वर्षांपूर्वी तीच म्हणाली होती, केवढं पाल्हाळ लावतो गं हा, अगदी आपल्या काकांसारखा, एका शब्दात बोलायला शिकव त्याला. दोनशे ते दोनशे नव्व्याण्णव ही सगळी होकाराची उत्तरं. मी त्या सगळ्यांना एकच शब्द लावून दिला. दहा मिनिटांचं काम होतं. हे मी तिला आत्ता सांगितलं नाही. तिलाही आठवत असावं.

रांगेत आमच्या पुढे नोंदींची वार्षिक नक्कल चालू होती. ती मध्येच तोडता येत नाही. एकोणचाळीस टक्के झाली होती.

"मिस्त्रीला परत बोलाव," ताई म्हणाली.

"वळवलाय त्याला. पण दार उघडायचा हुकूमही रांगेतच जाणार."

"फोडू दे की."

"पोलादी आहे, ताई. तूच हट्ट धरला होतास."

"माझी अक्कल नेहमी वेळेवर चालते," ती म्हणाली.

दर चार मिनिटांनी एक अंश. मी आकडा सांगत होते, ती "हं" म्हणत होती. मध्ये तिच्याकडे कोणीतरी जेवायला येतेस का विचारलं, तिने पुढे व्हा म्हणून सांगितलं. उणे पन्नासला पावणेएक वाजला होता, नक्कल एकसष्ट टक्के. त्यानंतर मी आकडे सांगणं थांबवलं, पण फोन आम्ही दोघींनीही ठेवला नाही. मिस्त्री दारापाशी येऊन पोचला होता आणि पहारेकऱ्याबरोबर बाहेरच बसला होता.

अडीचच्या सुमारास नक्कल संपली. आमच्या हुकुमाची पाळी आली. सर्व्हरने दोनशे, म्हणजे काम पूर्ण, असं उत्तर दिलं, आणि त्याच्याखाली माझ्या प्रोग्रॅमने सकाळचाच शब्द छापला.

"काय म्हणतोय?"

"झालं म्हणतोय."

"खरंच झालंय?"

"हो. उणे चोवीस होतं, आता पंचवीस आहे. उतरतंय."

"चांगलं उतरतंय का?"

"चांगलं," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उणे ऐंशी होईल."

"बरं," ताई म्हणाली. "मग मिस्त्रीला सांगते, घरी जा."