पांढऱ्या खडूची शेवटची ओळ

मित्रांनो, चौकातल्या इस्त्रीच्या दुकानात एक लांबट टेबल आहे. त्यावर जुनं ब्लँकेट पसरून ताई दिवसभर इस्त्री फिरवते. त्या ब्लँकेटच्या खाली मी आहे. पण मी जन्मानं टेबल नाही. मी एक जुना फळा आहे, बातम्यांचा फळा. एके काळी या चौकात माझा दरारा होता. आता माझ्या डोक्यावर लोकांचे पायजमे असतात. असो. दिवस फिरतात, फळ्याचेही फिरतात.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. मोडक्या खोक्याच्या तीन फळ्या जोडून त्यानं मला उभं केलं आणि काळा रंग फासला. उजव्या बाजूला माझ्या लाकडात एक गाठ आहे. तिच्यावर रंग नीट बसला नाही आणि खडू तर तिथे कायम घसरायचा. सुतार म्हणाला, "एवढं चालतंय हो!" मला ते अजून लागतं, पण सांगणार कुणाला? त्यानं मला नेऊन घड्याळजीच्या दुकानाबाहेरच्या भिंतीवर ठोकलं.

मला मागवलं होतं खिळेकाकांनी. काकांनी जन्मभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले, म्हणजे एकेक अक्षर उचलून ओळी बांधल्या. म्हणून सगळे त्यांना खिळेकाका म्हणत. छापखान्यात नवी यंत्रं आली आणि काका घरी बसले. घरात त्यांचं मन रमेना. मग रोज सकाळी ते माझ्यासमोर उभे राहू लागले. अक्षर असं, की वाटसरूनं नुसतं बघत राहावं. गाठ आली की ते हळूच जागा सोडून पुढे जात. माझं व्यंग त्यांनी कधी चारचौघांत दाखवलं नाही.

त्यांचा एक नियम होता. पांढऱ्या खडूनं बातमी लिहायची आणि तिच्याखाली तांबड्या खडूनं आपलं मत. "पांढरं ते घडलेलं, तांबडं ते माझं. दोन्हींची गल्लत नको," असं ते घड्याळजीला बजावत. छापखान्यात असताना ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही तो त्यांनी कधी जुळवला नव्हता. बातमी घेऊन आलेल्यालाही ते आधी विचारत, "म्हणजे काय, ते नीट सांग."

काय काय लिहिलं म्हणून सांगू! पांढऱ्यात असायचं, 'नगरसेवकांच्या हस्ते सार्वजनिक नळाचे उद्घाटन.' खाली तांबड्यात, 'नळ गेल्या वर्षीचाच, फीत तेवढी नवी. पाणी कधी?' नदीकाठचं मैदान लष्कराच्या छावणीनं सरावासाठी घेतलं, तेव्हा तांबडा खडू म्हणाला, 'मुलांनी आता चेंडू कुठे मारावा? छावणीत?' सभागृहाच्या किल्लीवरून दोन मंडळांत हाणामारी झाली. काकांनी खाली लिहिलं, 'किल्ली दोघांकडेही आहे. कुलूप कुणाकडे आहे?' त्या दिवशी दोन्ही मंडळांची माणसं माझ्यासमोर एकत्र हसली. मला कोण अभिमान वाटला!

माझं पुसायचं फडकं इस्त्रीवाली ताई द्यायची. तिचं दुकान समोरच. स्वच्छ धुतलेलं, घडी घातलेलं फडकं ती स्वतः आणून द्यायची आणि जाताना फळा वाचून जायची. तिचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता. सीमेवरची काही बातमी असली की ती दोनदा वाचायची.

पण मित्रांनो, कौतुक फार वाईट. "काकांनी आज काय हाणलंय!" असं जो तो म्हणे. हाणलेलं म्हणजे तांबडं. पांढऱ्या ओळीची वाहवा कुणीच केली नाही. हळूहळू लोक पांढरं सोडून थेट खाली वाचू लागले. काकांनाही ते कळलं असावं. माझ्या अंगावर तांबडं वाढत गेलं आणि पांढरं आक्रसत गेलं. मला मात्र वाटलं, आपली भरभराट होते आहे.

निवडणुकीत नगरसेवकांनी ताईच्या मुलाचा गणवेशातला फोटो आपल्या पोस्टरवर छापला. मुलाला विचारलं नाही, ताईलाही नाही. तो बिचारा लाजाळू. सुट्टीवर आला तेव्हा त्या पोस्टरखालून मान खाली घालून जायचा. निवडणूक संपली तरी पोस्टर माझ्यासमोर तसंच होतं. ते बघितलं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि एका सकाळी छावणीत भाजी पोचवणारा टेम्पोवाला चौकात थांबला. त्यानं गाडीतूनच सांगितलं, "काका, सीमेवरच्या पुलापाशी चकमक झाली म्हणे. तुकडी परतली. आपल्या ताईचा मुलगा तेवढा मागे राहिला."

एरवी काकांनी विचारलं असतं, "मागे राहिला म्हणजे काय?" त्या दिवशी विचारलं नाही. समोरचं पोस्टर दिसत होतं आणि तांबडी ओळ त्यांच्या डोक्यात आधीच तयार झाली होती. टेम्पो निघून गेला. काकांनी पांढऱ्यात लिहिलं, 'पुलावरून तुकडी परतली. आपल्या गल्लीचा जवान मागे राहिला.' आणि खाली तांबड्यात ठसठशीत लिहिलं, 'पोस्टरवर पुढे, पुलावर मागे! नगरसेवकांनी पुढच्या वेळी फोटो पारखून घ्यावा.'

हशा पिकला. काकांचा बाण नगरसेवकांवर होता, हे मला माहीत आहे. पण तो लागला भलत्यालाच. लोक टाळ्या देत होते, इतक्यात ताई फडकं घेऊन आली. तिला अजून कुणीच काही कळवलं नव्हतं. तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"काका, मागे राहिला म्हणजे?"

काकांचा खडू हातातच राहिला. "म्हणजे... ताई, बाकीचे आले. तो आला नाही."

"मग हे सगळे हसतायत कशाला?"

एकेकानं काढता पाय घेतला. काकांनी धोतराच्या सोग्यानंच मला घाईघाईनं पुसलं. ताईचं फडकं तिच्या हातातच होतं. ते घेऊन ती दुकानात गेली.

पण बोलणं कुठे पुसलं जातं? गल्लीतली पोरं धावताना मागे पडणाऱ्याला ताईच्या मुलाची उपमा देऊ लागली. कुणी कपडे टाकायला येईना. जे आले, ते खालमानेनं आले.

मग छावणीची गाडी आली. एक अधिकारी उतरला आणि त्याच्याबरोबर हात गळ्यात बांधलेला एक जवान. दुकानात जागा नव्हती, म्हणून सगळं बोलणं चौकातच झालं आणि मी ते ऐकलं. अधिकारी वीरमरणाचं ठरलेलं बोलला. जवान मात्र ताईसमोर खाली बसला. तो म्हणाला, "मावशी, पूल ओलांडायचा होता आणि वरून गोळ्या येत होत्या. तो आम्हाला म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी मागे राहतो. तो मागे राहिला म्हणून आम्ही आलो."

शब्द तेच होते, मित्रांनो. एकही वेगळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका आले ते थेट ताईच्या दुकानासमोर. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "ताई, मी चुकलो. आज फळाभर माफी लिहितो. सगळ्या चौकाला वाचू दे."

ताईनं इस्त्री उभी करून ठेवली. "काका, लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं. पुसलेलं कोण वाचणार?"

तिनं इस्त्री पुन्हा उचलली. काका माझ्याकडे आले. पांढरा खडू घेऊन त्यांनी सावकाश लिहिलं, 'आपल्या गल्लीचा जवान मागे राहिला, म्हणून तुकडी परतली.' पुढे बराच वेळ तांबडा खडू नुसता हातात धरून उभे राहिले. मग तो खिशात टाकून घरी गेले. त्यानंतर त्यांनी माझ्यावर कधी लिहिलं नाही.

खरं दुःख पुढेच आहे. लोक सवयीनं येत, खाली तांबडं शोधत आणि निघून जात. "आज काका गप्प?" असं कुणी म्हणे. ती पांढरी ओळ शेवटपर्यंत वाचणारे मी फार थोडे पाहिले. मग नगरसेवकांनी श्रद्धांजलीचं मोठं पोस्टर आणलं. मुलाचा फोटो लहान, त्यांचा मोठा. ते टांगायला भिंत हवी होती, म्हणून ते माझ्याच तोंडावर टांगलं. पावसाळ्यात ते फाटलं, माझे खिळे गंजले आणि घड्याळजी मला जळणात टाकायला निघाला. तेव्हा ताई म्हणाली, "द्या मला. टेबलाला फळी हवीच आहे."

तिनं मला आडवं केलं. शेवटची ओळ अजून पुसट दिसत होती. तिच्या हातात ओलं फडकं होतं, पण तिनं मला पुसलं नाही. वरून ब्लँकेट पसरलं आणि इस्त्री गरम करायला ठेवली.

काका अजूनही सदरा घेऊन येतात. ताई नीट घडी घालून देते. दोघं फार बोलत नाहीत. परवा काका थांबलेले असताना चौकात नव्यानं राहायला आलेली एक बाई कपडे घेऊन आली. गप्पा मारता मारता तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मुलगा होता," ताई म्हणाली. "आता मीच मागे राहिले."

काकांनी ब्लँकेटवर हात टेकला. बरोबर त्या ओळीच्या वर.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्यावर जे लिहाल ते मी दाखवणार, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्यापुढे कसलाही फळा असो, त्यावर मत जरूर लिहा, सणसणीत लिहा. पण खडू उचलण्याआधी ताईचा तो एक प्रश्न विचारा. "म्हणजे?" असं एकदा, वेळेवर विचारा. त्या सकाळी टेम्पो चालू होता, तरी तेवढा वेळ होता.