बिडाचा तवा

चूक माझीच. जेवताना बोलून गेले की माझ्या धाकट्या भावाच्या, नोर्मांच्या पेशींत लोखंड साचतं. दुसऱ्या दिवशी आजीपासून चालत आलेला बिडाचा तवा आईनं तळघरात टाकला. कलेजी बंद, डुकराच्या रक्ताचं सॉसेजही बंद.

मी रिमुस्की शहरातल्या प्रयोगशाळेत त्याच्याच आजारावर काम करते, आणि घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लोखंड तर सगळ्यांच्याच पेशींत असतं. त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते कमी पडलं की मोकाट लोखंड प्राणवायूशी भिडतं आणि पेशी आतून जळत जाते. नोर्मांकडे ते जन्मापासूनच कमी. तव्याचा काही संबंध नाही, हे आईला दहादा सांगितलं. ती म्हणायची, "तू तुझी पुस्तकं सांभाळ, मी माझं पोर सांभाळते."

नोर्मां चोविसाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीत होता. जीभ जड झाली होती, काळीजही थकत चाललं होतं, पण टोमणे हलकेच यायचे. नव्या पातळ तव्याला अंडी चिकटायची, तेव्हा म्हणायचा, या उपचारानं मी उपाशीच मरेन.

हिवाळ्यात आम्ही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्याच्याच कातडीच्या पेशींत ते प्रथिन वाढवलं. त्या तगल्या. मी घरी धावत येऊन सांगितलं.

"म्हणजे बशीतला मी बरा झालो," तो म्हणाला. "आणि खुर्चीतला, ताई?"

ते प्रथिन माणसाच्या काळजापर्यंत कसं पोचवायचं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये, मेपलच्या झाडांचा पहिला रस निघाला त्या आठवड्यात, त्याचं काळीज थांबलं.

दफन करून आलो. आई तळघरातून तवा घेऊन आली. गंजला होता.

"इतकी वर्षं यातच त्याची अंडी तळली, सोलांज. यानंच ना?"

"नाही गं. तव्याचा दोष नाही."

"मग हे दुखणं कुठून आलं?"

खरं उत्तर मला पाठ होतं. अर्धं बाबांकडून, अर्धं तिच्याकडून. ते ऐकून तिनं स्वतःला कुठल्या तळघरात टाकलं असतं?

"असेल," मी म्हणाले. "तव्यातूनच आलं असेल."

स्वतःची लाज वाटली. तिनं मागचं दार उघडून तवा बर्फात भिरकावला आणि पहिल्यांदाच रडली. बर्फ वितळला की तो तिथंच दिसणार होता.