ओठ न हलवता

विन्सेंतीने मिशी उतरवली तेव्हा डेट्रॉइटच्या पोलिश वस्तीत त्याची पार शोभा झाली. चांगली झुबकेदार, टोकं वर वळवलेली मिशी होती हो! खाटकाच्या दुकानात लोक विचारायचे, कुठल्या पैजेत हरलास? पैजबिज काही नव्हती. त्याची पोरगी ब्रोन्का लहानपणी तापाने फणफणली आणि तो ताप उतरला तो तिचे दोन्ही कान घेऊनच. पोर हुशार. माणसांच्या ओठांवरून बोलणं ओळखायला तिची ती शिकली. पण बापाच्या ओठांवर हे मिशीचं छप्पर! मग ठेवायची कशाला? त्याने वस्तरा घेतला आणि मिशी साफ केली.

त्याची बायको त्याच तापात गेली होती. घरात तो, पोरगी आणि त्याची थोरली बहीण तेओफिला. तेओफिला पोरीशी बोलायची म्हणजे हातवारे आणि वर आरडाओरड. बहिऱ्या पोरीपुढे ओरडून काय उपयोग, पण तेओफिलाला सांगणार कोण? विन्सेंती मात्र तोंडभरून बोलायचा. गावाकडच्या एका कंजूष पाद्र्याची गोष्ट तर त्याने पोरीला इतक्यांदा सांगितली असेल, की शेवटी ती गोष्ट संपायच्या आधीच हसायची.

तेव्हा तो मोटारीच्या कारखान्यात मॅग्नेटो जुळवायचा. इंजिनाला ठिणगी देणारी ही वस्तू एकेक माणूस आपल्या बाकावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः तयार करी. हात चालायचे आणि तोंडही चालायचं. मग एके दिवशी बाक उचलले गेले आणि कमरेच्या उंचीवरून सरकणारी लाइन आली. काम आपणहून पुढ्यात येणार, प्रत्येकाने आपल्या वाट्याचं तेवढं करायचं आणि पुढे जाऊ द्यायचं. विन्सेंतीच्या वाट्याला दोन नट आले. डोळे मिटून अख्खा मॅग्नेटो जुळवणारा माणूस, आणि दिवसभर काय, तर दोन नट! पण मोटारी धडाधड बाहेर पडू लागल्या, स्वस्त झाल्या, पगार वाढले. खाटीकसुद्धा गाडी घ्यायची भाषा करू लागला. रडायचं तरी कुणापाशी?

त्यात लाइनवर बोलायला बंदी. गाणं नाही, शीळ नाही, हसणंसुद्धा नाही. मुकादम माणसांच्या तोंडाकडे बघत फिरायचा आणि कुणाचे ओठ हलले की त्याची धडगत नसे. विन्सेंतीच्या शेजारी इग्नात्सी उभा असायचा, जन्माचा खोडकर. त्याने युक्ती शिकवली. ओठ किंचित उघडे ठेवायचे, चेहरा दगडासारखा करायचा आणि शब्द आतल्या आत जिभेने घडवायचे. यंत्रांच्या गोंगाटात ते फक्त शेजाऱ्याला कळतात. विन्सेंती या विद्येत इतका तयार झाला, की खुद्द इग्नात्सीने कान धरले. त्या कंजूष पाद्र्याची अख्खी गोष्ट तो मुकादमाच्या नाकासमोर सांगायचा आणि बाकीचे गाल आतून चावत हसू दाबायचे. लाइनने माझे हात घेतले, पण तोंड नाही घेऊ शकली, असं तो छाती काढून सांगत फिरायचा. बिचारा! केवढा अभिमान होता त्याला!

घरी सुरुवातीला ब्रोन्का त्याच्या गालांवर बोटं ठेवून ते ओढायची. 'बाबा, तोंड उघड ना,' म्हणायची. तो हसून उघडायचाही. मग वर्षं गेली. संध्याकाळी परतायचा तेव्हा त्याचा जबडा लाकडासारखा झालेला असायचा. तो बोलायचा, आणि आपण पूर्वीसारखंच बोलतोय अशी त्याची पक्की समजूत होती. स्वतःचे ओठ स्वतःला कुठे दिसतात? दाढी करताना आरसा समोर असतो, पण तेव्हा माणूस गप्प असतो. पोरीने कधीतरी बोटं लावणं सोडून दिलं. ती नुसती मान डोलवायची, मंद हसायची. त्याला वाटलं, पोर मोठी झाली, शांत झाली. कुणीतरी सांगायला हवं होतं त्याला. पण तेओफिलाला तर त्याचं बोलणं ऐकू येत होतं, तिच्या कशाला ते ध्यानात येईल?

स्थळ तेओफिलानेच आणलं. क्लेमेन्स नावाचा विधुर, दूर पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत कामाला, पदरात दोन लेकरं. माणूस सरळ दिसत होता, पण बोलायला अगदी कंजूष. बहिऱ्या पोरीसाठी काय राजपुत्र येणार आहे, असं तेओफिलाचं म्हणणं. तिने हातवारे करून विचारलं आणि ब्रोन्काने मान डोलावली. झालं, ठरलं.

विन्सेंतीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. ही मनापासून जातेय, की बापाच्या डोक्यावर ओझं नको म्हणून जातेय? तो रोज विचारायचं ठरवायचा आणि रोज तेओफिला मध्ये असायची. लिहून विचारावं तर गडी अंगठेबहाद्दर. आणि खरं सांगायचं तर त्याला उत्तराची धास्ती वाटत होती. शेवटी त्याने मनाशी ठरवलं, की लग्नाच्या सकाळी, चर्चला निघण्याआधी, पोर आशीर्वादासाठी गुडघे टेकते तेव्हा विचारायचं. तेव्हा बापाचं तोंड आणि लेकीचे डोळे अगदी समोरासमोर असतात.

ती सकाळ आली. पाहुण्यांनी खोली भरलेली, क्लेमेन्स बाहेर पायरीवर थांबलेला. ब्रोन्काने उशीवर गुडघे टेकले. विन्सेंतीने तिच्या कपाळावर क्रूस काढला, खाली वाकला आणि बाकी कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने हळूच म्हणाला, "पोरी, मनापासून जातेयस ना? माझ्यासाठी जात असशील तर नुसतं नाही म्हण. सगळ्यांना आत्ता परत पाठवतो. लोकांचं काय ते मी बघून घेईन."

ब्रोन्काने त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तिने मान डोलावली आणि बापाचा हात ओठांना लावला. विन्सेंतीच्या छातीवरचा दगड उतरला. चर्चच्या वाटेवर तो सगळ्यांच्या पुढे चालत होता.

जेवणाच्या वेळी फिडल वाजत होतं, व्होडका फिरत होती. इग्नात्सीने येऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"काय रे, सकाळी कमालच केलीस की! मी समोर दारात उभा. लेकीशी एवढं बोललास, पण ओठ म्हणून हलला नाही. मुकादम असता तर म्हणाला असता, हा बाबा मुकाच आहे."

सगळे हसले. विन्सेंतीही हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्याने आपली बोटं ओठांवर ठेवली आणि 'ब्रोन्का' म्हणून पाहिलं. बोटांखाली काहीच हललं नाही.

तो उठून पोरीकडे गेला. सकाळी मी काय म्हणालो तुला, असं त्याने विचारलं. तिच्या कपाळाला आठी पडली, ती त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. तेव्हा त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे गाल धरले, ती लहानपणी ओढायची तसे ओढले आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारलं. ब्रोन्काचा चेहरा एकदम उजळला.

"आशीर्वाद दिलास," ती आपल्या जड आवाजात म्हणाली. "देव तुला सुखी ठेवो, तुझं घर भरलेलं राहो. सगळे बाप तेच म्हणतात ना? मला दिसलं नाही नीट, बाबा. पण ते मला पाठच आहे."

तिच्या बोटात अंगठी होती. पलीकडे क्लेमेन्स बसला होता, त्याची धाकटी त्याच्या मांडीवर झोपली होती. पाद्री जेवून परतही गेला होता. सकाळचा प्रश्न विन्सेंतीच्या तोंडात तसाच होता, आणि आता तो विचारून पोरीने खरं उत्तर दिलंच, तर ते घेऊन तो काय करणार होता?

त्याने तोंड चांगलं मोठं उघडलं.

"हो पोरी. तेच म्हणालो. देव तुला सुखी ठेवो."

ब्रोन्काने शब्द न् शब्द वाचला. वाचताना तिचेही ओठ हलत होते. मग तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

"किती वर्षांनी रे!" ती म्हणाली. "आज मला सगळं कळलं, बाबा."