पाण्याच्या दिवशी रास्ता रोको

आमच्या गल्लीत आठवड्याला वार नसतात. एक पाण्याचा दिवस असतो आणि उरलेले त्याची वाट बघण्याचे. लग्नाची बैठक, डोळ्यांची तपासणी, बहिणीकडं जाणं, सगळं त्यावरून ठरतं. भांडणंसुद्धा. पाण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याशी कुणी भांडत नाही, कारण मोटार एकाची असते आणि पाइप दुसऱ्याचा.

गंगम्मानं नातवाचं बारसं असंच ठरवलं होतं. गंगम्मा माझी भिंतीपलीकडची शेजारीण. माहेर अक्कलकोटाकडचं, वय साठीच्या पुढं, गुडघे अधू आणि जीभ धडधाकट. घरात ती आणि बाळंतपणाला आलेली लेक पूनम. बुधवारी पाणी, शुक्रवारी बारसं, असा बेत. बुधवारी पाणी आलं नाही. कुठंतरी पाइप फुटला होता. आमच्याकडं पाइप नेहमी 'कुठंतरी'च फुटतो. 'उद्या संध्याकाळी नक्की,' असं गल्लीत कळलं. 'नक्की' हा शब्द ऐकून खरं तर गंगम्मानं सावध व्हायचं, पण ती निर्धास्त झाली आणि गुरुवारी पाळण्याची झालर आणि खुळखुळे आणायला नवी पेठेत निघाली. पिशव्या धरायला मला घेतलं. निवृत्त माणसाला कुणीही कुठंही नेऊ शकतं.

परतताना सिद्रामची रिक्षा मिळाली. सिद्राम आमच्याच बाजूला राहतो, त्यामुळं भाडं कमी घेत नाही पण बोलतो जास्त. सात रस्त्याला आलो आणि थांबलो.

सात रस्त्याची सोय अशी की तिथं एका वेळी सात बाजूंची माणसं एकमेकांवर वैतागू शकतात. त्या दुपारी मात्र ती सगळी मिळून एकाच गोष्टीवर वैतागली होती. चौकाच्या मधोमध, डांबर मऊ पडलेल्या रस्त्यावर गोणपाट टाकून दहा-बारा पोरंपोरी बसली होती. हातात पुठ्ठ्याच्या पाट्या. एकीवर 'भर दुपारचं काम बंद करा, मजूर वाचवा.' दुसरीवर 'पृथ्वी आत्ता तापली, सोलापूर केव्हाच तापलंय.' मागणी अशी की उन्हाळ्यात डोक्यावर सूर्य असताना रस्त्याच्या आणि इमारतींच्या कामावर कुणाला राबवू नये, आणि आहेत ती सावलीची झाडं तोडू नयेत.

मागणीबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मी मान बाहेर काढून चौकशी केली.

"मागणी बरोबर हाय," सिद्राम म्हणाला. "पन जागा चुकली. होम मैदानावर बसायचं की."

"तिथं कोण बघणार त्यांना?"

"म्हनून तर म्हंतोय, काका. कुनालाच तरास न्हाई."

शेजारच्या पांढऱ्या गाडीची काच बोटभर खाली आली. आतून एक साहेब म्हणाले, "एकेकाला उचलून पोलिसांच्या गाडीत घातलं पाहिजे. ऊन काय ह्यांनाच लागतं? मलाही लागतं. म्हणून तर मी एसी बंद करत नाही." आणि काच वर गेली.

पलीकडचा मोटारसायकलवाला सारखा हॉर्न वाजवत होता. मी त्याला म्हटलं, "गेल्या आठवड्यात ह्याच चौकात वरात नाचत होती, तेव्हा तुम्ही हॉर्न नाही वाजवला."

"ते वेगळं," तो म्हणाला. "वरातीला शेवट असतोय."

माझंही मत फार निराळं नव्हतं. तळपायाखाली रिक्षाचा पत्रा तापला की माणसाची मतं फार स्पष्ट होतात.

एवढ्यात गंगम्माचा फोन वाजला. ती फोन कानापासून लांब धरून बोलते, त्यामुळं तिची खासगी बाब आसपासच्या सगळ्यांना कळते.

"आई, नळ आला," पूनम सांगत होती. "आत्ता यायलाय. बाळ अंगावर पितंय, मी उठू कशी? आणि मोटार मला उचलत न्हाई."

गंगम्मानं फोन बंद केला. नळ आला की जेमतेम तासभर राहतो. तो चुकला तर पुढची पाळी बारसं उरकून गेल्यावर. टँकरवाल्यांचे फोन मे महिन्यात पुढाऱ्यांसारखे असतात, लागतात पण उचलले जात नाहीत. उद्या घरात चाळीस माणसं जेवायला, बाळाची अंघोळ, बाळंतिणीची अंघोळ, आणि हौदात तळाला चार तांबे पाणी.

"हे हिडी, धर," म्हणत तिनं झालरीची पिशवी माझ्या मांडीवर आदळली आणि रिक्षातून उतरली. गुडघ्यावर हात ठेवत, गाड्यांच्या मधून, थेट गोणपाटापर्यंत गेली. पिशव्या घेऊन मी मागं.

"कोण गं तुमची म्होरकी?"

"मी, आजी." पुढं बसलेली सावळी, बारीक पोरगी उठून उभी राहिली. तिचं नाव बुद्धप्रिया. एका दवाखान्यात नर्स आहे. उन्हानं पडलेली बांधकामावरची माणसं तिच्याकडं येतात, त्यातली काही घरी परत जात नाहीत, म्हणून ती इथं बसली होती, तेही रात्रपाळी करून. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसत होते ते फक्त तिचे तारवटलेले डोळे. "तुम्ही सावलीत चला आधी."

"सावली कुटं हाय हितं?"

"तेच म्हणतोय ना आम्ही."

"मला शिकवू नगंस. तुला आईबाप हाईत का न्हाईत? घरात लेक बाळंतीण हाय, उद्या बारसं हाय, नळाला पाणी आलंय आणि तू माझा रस्ता धरून बसलीस. पृथ्वीचं मागनं बघ, माझ्या हौदाचं कोन बघायचं?"

मागून दोन-तीन गाड्यांनी हॉर्न वाजवून पाठिंबा दिला. बुद्धप्रियाचं लक्ष तिकडं नव्हतं.

"पाणी? आज?" ती म्हणाली. "तुमच्या बाजूचं काल होतं ना, आजी? मी सगळ्या बाजूंच्या पाळ्या बघूनच तारीख धरली. कुणाचं पाणी चुकायला नको म्हणून."

"काल आलं न्हाई."

पोरगी ह्याच गावात जन्मलेली, ह्याच गावात शिकलेली, आणि तरी पाण्याच्या पाळीवर विश्वास ठेवून बसली होती. तिच्या शेजारचा उंच पोरगा, सांगोल्याकडचा मल्हार, पाटीआडून म्हणाला, "मी म्हनलो हुतो, एक दिस मागंपुढं धर."

"ते तू उन्हाच्या आकड्याबद्दल म्हणाला होतास."

"त्ये बी बरोबर निघालं की."

आता आसपासचे फोन वाजायला लागले होते. नळ फक्त गंगम्माच्या घरी आलेला नव्हता. मोटारसायकलवाला हॉर्न सोडून फोनवर "बादल्या लाव, हंडे लाव, पातेली लाव," असं कुणाला तरी सांगत होता.

बुद्धप्रिया मागं वळली. "उठा," म्हणाली. पोरं उठली, गोणपाट गुंडाळले. मघापासून त्यांची मनधरणी करणारे हवालदार शहाजी क्षणभर ओशाळल्यासारखे दिसले. एवढं सोपं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रस्ता मोकळा झाला आणि एकही गाडी हलली नाही. तासाभरात सात बाजूंच्या गाड्यांनी मिळेल त्या फटीतून पुढं सरकत एकमेकींच्या कुशीत तोंडं खुपसली होती. रिक्षा बसमध्ये, बस टेम्पोत, टेम्पो पांढऱ्या गाडीत. रस्ता मघापर्यंत पोरांनी अडवला होता. आता आम्ही.

"हे सुटायला येळ लागनार," सिद्राम मागून म्हणाला. "चालत जा, काकू."

गंगम्मानं रस्त्याकडं बघितलं. तरण्या माणसाला आमची गल्ली तिथून काही लांब नाही. तिच्या गुडघ्यांना, त्या उन्हात, ती करमाळ्याइतकी लांब होती.

"घर सांगा," बुद्धप्रिया म्हणाली. "मी पळत जाते. मोटार लावते, भरते."

गंगम्मा तिच्याकडं बघत राहिली. आत्ताच जिचे आईबाप काढले होते तिच्या हातात घर द्यायचं म्हणजे अवघडच. पण पाणी वाहत होतं. तिनं पत्ता सांगितला, पूनमला फोन लावून "एक पोरगी यायलीय, दार उघड" म्हणून कळवलं, आणि मग नर्सला औषध कसं द्यायचं ते सांगावं तसं सांगायला लागली. "पहिलं पानी गढूळ येतंय, ते तुळशीला सोड. मग पिन्याच्या घागरी. मग हौद. मोटारीचा आवाज फिरला की बंद कर, जळती."

बुद्धप्रिया निघता निघता थांबली. "पिण्याचं मी भरलेलं चालेल ना, आजी?"

"न चालायला काय झालं. फडकं दुहेरी घाल, एवढंच."

प्रश्न कशाचा होता ते तिला कळलं, मला कळलं आणि गंगम्मालाही कळलं. उत्तर मात्र गंगम्मानं फडक्याबद्दल दिलं. ह्या बाईच्या शेजारी इतकी वर्षं राहतो याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

बुद्धप्रिया पळाली. ते बघून पांढऱ्या गाडीची काच पूर्ण खाली आली. "अहो, ऐकता का," साहेब मल्हारला म्हणाले. त्यांचा आवाज आता एकदम शेजारधर्माचा होता. "आमचं घर त्याच रस्त्याला आहे. आई एकटी आहे, वरच्या मजल्यावर. जमेल का?"

"मला उचलून गाडीत घालनार हुता न्हवं?"

"ते मी सर्वसाधारण बोलत होतो."

मल्हारनं पत्ता घेतला. मोटारसायकलवाल्यानं एका पोरीला आपला पत्ता तोंडपाठ करायला लावला. शेवटी हवालदार शहाजी खाकरले. "मी ड्युटीवर हाय, मला सांगता येत न्हाई," ते एका पोराला म्हणाले, "पन निळ्या गेटाचं घर हाय. बायकू हाय घरात, तिला कंबरंचा तरास हाय." दहा मिनिटांत सगळे आंदोलक आपापल्या वाटणीचे हौद भरायला पांगले, आणि आंदोलन आमच्या हवाली करून गेले.

ऊन वाढलं. गाड्यांत बसवेना म्हणून लोक खाली उतरले. रस्त्यावर पाट्या पडलेल्या होत्या, पुठ्ठा चांगला जाड होता. आधी गंगम्मानं एक उचलून डोक्यावर धरली. मग सिद्रामनं, मग मी. पांढऱ्या गाडीवाल्या साहेबांना पृथ्वीची पाटी मिळाली. एसी बंद पडला होता.

तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर गर्दीतून वाट काढत पोचला. त्याला उशीर झाला होता, पण त्याला ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सगळ्यांत पुढं गंगम्मा, डोक्यावर पाटी, चेहऱ्यावर असा संताप की भल्याभल्या पुढाऱ्यांना जमणार नाही. खाली छापलं होतं, 'मागणीसाठी ज्येष्ठ नागरिकही भर उन्हात रस्त्यावर.' मी पाठीमागं खुळखुळ्यांच्या पिशव्या घेऊन उभा आहे. त्याचा खुलासा बातमीत नाही.

कोंडी सुटून आम्ही घरी पोचलो तेव्हा नळ गेला होता. गंगम्मा उंबऱ्यात थबकली. आत जायचं आणि हौदात डोकवायचं, एवढंच राहिलं होतं, आणि तिला ते होईना. मग हळूच झाकण सरकवलं. हौद काठोकाठ होता. घागरी भरून दुहेरी फडक्यानं बांधलेल्या. हंडे, पातेली, बाळाच्या अंघोळीची टोपलीएवढी घमेली, एवढंच काय, घरातले पेलेसुद्धा भरून ओळीनं मांडले होते. तुळशीखाली गढूळ पाण्याचं थारोळं. मोटार पुसून ठेवलेली. आणि भिंतीला टेकून, ओली ओढणी अंगावर, बुद्धप्रिया गाढ झोपली होती.

माझ्या अंगणातलं पिंपही भरलेलं होतं. वर झाकण, झाकणावर दगड. मी कुणाला पत्ता दिला नव्हता. "घर पूनमताईनं दावलं. तुमी आजीच्या पिशव्या धरलेल्या, म्हनून," असं मल्हारनं नंतर सांगितलं. पिशव्या धरण्याचा एवढा मोबदला मला आयुष्यात मिळाला नाही.

गंगम्मानं पोरीला उठवलं नाही. पंख्याचं तोंड तिच्याकडं वळवलं आणि पूनमला खुणेनं गप्प केलं. रात्रपाळीचं पूनमनंच तिला सांगितलं.

बारशाला बुद्धप्रिया आली. पेपर घरात फिरला होता, त्यामुळं पाहुण्यांनी दोघींनाही घेरलं. अक्कलकोटाकडचे निंगप्पा मामा म्हणाले, "गंगम्मा, तू मोर्चात कधीपासनं?"

"मी कसली मोर्चात. रस्ता अडवनं चूक म्हंजे चूक. तिला मी तोंडावर सांगितलंय."

"तीनदा," बुद्धप्रिया म्हणाली. "आणि आम्ही पुढच्या महिन्यात परत बसणार आहोत, आजी."

"बस की. मी परत सांगीन."

असं म्हणून गंगम्मानं तिला पाटावर बसवलं, पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं, हळदीकुंकू लावलं. पोरगी संकोचली. नाव ठेवून झालं तसं गंगम्मानं पाळण्यातून नातवाला उचललं आणि सगळ्या आत्या-माम्या हात पुढं करून उभ्या असताना बुद्धप्रियाच्या मांडीवर दिलं. पोरगी दोन्ही हातांनी त्याला सांभाळत होती. बाळानं इकडंतिकडं बघितलं आणि तिची नवीकोरी पांढरी साडी गुडघ्यापर्यंत भिजवून टाकली.

माम्या हसल्या. बुद्धप्रिया अवघडून उठायला गेली. गंगम्मानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला तसंच खाली बसवलं.

"असू दे गं," ती म्हणाली. "धुवायला पानी हाय."