मलमलीवरची अंडी

रेवदंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी कल्पिता आणि तिची सासू सखुबाई यांचं मासळीतल्या अळ्यांवरून वाजलं. सखुबाईंचा जन्म बोंबील सुकवण्यात गेला होता. "अळ्या मासळीतूनच जन्मतात, बाहेरून न्हाय येत," त्या ठामपणे म्हणाल्या.

कल्पिताने दोन बरण्यांत ताजे बोंबील घातले. एक बरणी उघडी ठेवली, दुसरीला घट्ट झाकण लावलं. चार दिवसांनी उघड्या बरणीत अळ्या वळवळत होत्या, बंद बरणीत एकही नव्हती.

"बघा आई, माशी बसली नाही, तर अळी झाली नाही."

नाकाला पदर लावून सखुबाईंनी दोन्ही बरण्या न्याहाळल्या. "तू वाराच कोंडलास. वाऱ्याबिगर जीव धरंल व्हय?"

कल्पिता हसणार होती, पण थबकली. साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीत हीच शंका निघाली होती आणि तिथल्या एका वैद्याला सगळा प्रयोग नव्याने मांडावा लागला होता. वर्गात ती हा भाग दोन वाक्यांत उरकायची.

"तुमचं बरोबर आहे, आई. माझाच प्रयोग कच्चा होता."

मग सखुबाईंनी स्वतः नवी मासळी भरली आणि बरणीच्या तोंडाला मलमल बांधली. वारा आत जात होता, माशा कापडावरच घोंगावत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला हाक मारली. मासळीत काहीच नव्हतं. कापडावर मात्र बारीक पांढरी अंडी चिकटली होती.

"चाळीस वर्षं मी मासळीलाच बोल लावला," असं म्हणत सखुबाई जुनी मच्छरदाणी शोधायला माळ्यावर चढल्या.