कोपरा फाटलेलं कार्ड

मित्रांनो, ताडकळसच्या एका गोठ्याच्या भिंतीत खोचलेलं, पिवळं पडलेलं पोस्टकार्ड आहे मी. घरात मला जागा नाही. का, ते ऐका.

छापखान्यातून गठ्ठ्यानं बाहेर पडलो तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता. मी स्वस्त, चार ओळींत काम उरकणारा, खेडोपाडी पोचणारा. उणं एवढंच, की माझ्या अंगावरचं कुणीही वाचतं आणि लिहिणाऱ्याचा आवाज माझ्यासोबत जात नाही.

१९८६च्या सुगीत गीतानं मला आणलं. गीता बी.ए. झालेली, कडेवर नऊ महिन्यांचा मुलगा. गुरुवारी परभणीला मास्तरणीच्या नोकरीची मुलाखत होती. लेकराला सांभाळणार कोण? सासूबाई, चतुराबाई, म्हणाल्या, "ज्वारी काढू का तुझं पोरगं खेळवू?"

मग गीतानं राणीसावरगावला आईला लिहिलं, गुरुवारी बाळाजवळ थांबायला ये. तेवढ्यात बाळानं मला ओढलं आणि माझा एक कोपरा चावून तोडला. गीतानं आधी त्याच्या तोंडात बोट घालून तुकडा काढला, श्वास बघितला, पाठ चोळली. टपालाची थैली निघायची वेळ झालेली. दुसरं कार्ड नव्हतं. मजकूर तर शाबूत होता, म्हणून तिनं मला पेटीत टाकलं.

आमच्याकडं मयत कळवायचं असलं की कार्डाचा कोपरा फाडतात, आणि असं कार्ड घरात ठेवत नाहीत. घाईत तिला ते सुचलंच नाही.

राणीसावरगावचे पोस्टमन सगळ्यांची कार्डं वाटेनं वाचत यायचे. मला मात्र त्यांनी दोन बोटांत धरून आणलं, "ताडकळसचं हाय" म्हणत ओसरीवर टाकलं आणि पाठ फिरवली. गीताच्या आईला, कस्तुराबाईला, अक्षर येत नव्हतं. फाटका कोपरा तेवढा कळला.

"नागनाथ, वाच की रे!"

गीताचा भाऊ नागनाथ दहावी शिकलेला. "काय वाचायचं त्यात? दिसंना का तुला?" म्हणत त्यानं मला खिशात कोंबलं. ज्याला वाचता येत होतं, त्यानंच तोंड फिरवलं. हे मला अजून सहन होत नाही.

दोघं मिळेल त्या गाडीनं ताडकळसला आली. कस्तुराबाईनं गल्लीपासूनच हंबरडा फोडला. दारात गीता उभी, कडेवर बाळ.

"माझ्या जित्या नातवाच्या दारात गळा काढता व्हय, इहीणबाई?" चतुराबाई कडाडल्या. "आल्या पावली माघारी फिरा!"

"कार्डाचा कोपरा फाटला हुता, मावशी," नागनाथ पुटपुटला.

"मंग वाचायला डोळे फुटले हुते का तुझे?"

गीतानं त्याच्या खिशातून मला काढलं आणि आईला वाचून दाखवलं. "ती. आईस, आम्ही सगळे खुशाल आहोत..."

"पयलीच वळ हुती व्हय गं ही?" कस्तुराबाई एवढंच म्हणाली. चतुराबाईंनी तरीही ऐकलं नाही; संध्याकाळच्या गाडीनं तिला परत जावं लागलं.

गुरुवारी परभणीची गाडी फाट्यावर थांबली आणि निघून गेली. गीता बाळाला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. मुलाखतीचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही.

मित्रांनो, उद्या माझ्याहून वेगवान काहीही निघेल, क्षणात निरोप पोचेल. पाठवण्याआधी एकदा नीट बघा, आणि आलेला निरोप नुसता बाहेरून पाहू नका. हातात आहे तोवर वाचा. रडायला नंतर वेळ असतो. गुरुवार मात्र थांबत नाही.