गुठळी राहता कामा नये

मित्रांनो, दचकू नका. माझा आवाजच असा आहे. मी एक जुना मिक्सर आहे, आणि मिक्सरला हळू बोल म्हटलं तर त्याची बोलतीच बंद होते. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी हमखास रडगाणं गातात, आम्हाला अडगळीत टाकलं, आमची आठवण कुणाला नाही, वगैरे. मीही सध्या माळ्यावरच आहे. एका बाजूला काडी मोडलेली छत्री, दुसऱ्या बाजूला रंगाचे रिकामे डबे. पण मी रडणार नाही. मी इथे खुशीत आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. कुणी माझी मोटर बसवली, कुणी पाती घट्ट केली, कुणी अंगावर पांढरंशुभ्र कवच चढवलं. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला रिकामाच फिरवला, कान देऊन ऐकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा जरा भांडखोर दिसतोय, पण टिकेल." तेवढ्या कौतुकावर मी दुकानात गेलो. तिथून मला ताईंनी उचललं. धाकट्या भावाच्या लग्नात आहेर म्हणून द्यायचा होता. त्यांनी दुकानदाराला मला इतक्या वेळा चालू-बंद करायला लावलं की तो बिचारा घामाघूम झाला. ताई म्हणजे तशाच. जीव लावतील, पण आधी पारखून घेतील.

तर मी नव्या संसारात आलो. नवरा, म्हणजे ताईंचा भाऊ, रंगारी. लोकांच्या घरांच्या भिंती रंगवायचा. बायको गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ लोक घाबरून भलतंच काही करायचे आणि ही शेजारच्या सीटवर बसून आपल्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक शांतपणे दाबायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो.

रंगाऱ्याची एक सवय नीट लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे. रंगात गुठळी राहिलेली त्याला खपायची नाही. डबा उघडला की ढवळायचा, मग जुन्या पातळ कापडातून गाळायचा, पुन्हा ढवळायचा, पुन्हा गाळायचा. "गुठळी राहता कामा नये," हे त्याचं वाक्य दिवसभरात कितीदा तरी कानावर यायचं. त्याने रंगवलेल्या भिंतीवरून हात फिरवला तर कुठे म्हणून अडायचा नाही.

मास्तरीणबाईंचं वजन पहिल्यापासून जास्त. त्या हसतमुख होत्या, पण जिना चढताना दम लागायचा आणि गुडघे कुरकुरायचे. म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी एक ऑपरेशन करून घेतलं. जठराच्या वरच्या टोकाशी, बाहेरून, एक मऊ कडं बसवलं. त्याला बँड म्हणतात. त्यामुळे वरचा भाग लहान होतो, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं आणि माणूस कमी खातो. ताई लगेच म्हणाल्या, "पोटाला कुलूप लावून आलीस होय? किल्ली माझ्याकडे दे, तुझा काही भरवसा नाही." मास्तरीणबाई टाके दुखेपर्यंत हसल्या.

सुरुवातीला छान चाललं. वजन उतरलं, ब्लाउज सैल झाले, शेजारीपाजारी कौतुक करू लागले. मग हळूहळू घोटाळा सुरू झाला. पावाचा तुकडा छातीत अडकायचा. भात अडकायचा. डोळ्यांत पाणी यायचं आणि खाल्लेलं सगळं बाहेर पडायचं. कधी शिकवता शिकवता गाडी बाजूला घ्यायला लावून त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या. आत शिकाऊ माणूस स्टीअरिंग घट्ट धरून बसलेला असायचा, त्याला वाटायचं, आपल्याच चालवण्याने बाईंना मळमळलं.

रंगाऱ्याला हे बघवेना. एके दिवशी त्याने बाईंच्या पुढचं ताट उचललं आणि सगळं माझ्या भांड्यात ओतलं. उकडलेले बटाटे, लोणी, दूध, वर साय. मला त्याने असा फिरवला की विचारू नका. मग रंग गाळायच्या त्याच निष्ठेने, पण हं, धुतलेल्या नव्या कापडातून, त्याने ते गाळलं. बाईंनी चमचा तोंडात घातला. गिळला. काही अडलं नाही.

मित्रांनो, तो माझ्या वैभवाचा काळ! सकाळी केळं आणि दूध, दुपारी सायीचं सूप, संध्याकाळी बिस्किटं दुधात भिजवून, साखर घालून. रंगारी माझं झाकण पुसताना पुटपुटायचा, "तू आहेस म्हणून ही जगतेय." माझी छाती फुगायची. ओट्यावरची मधली जागा माझी होती, गॅसच्या शेगडीलासुद्धा बाजूला सरकावं लागलं होतं.

आणि वजन परत आलं. गेलं होतं तेवढं आलं, वर थोडं व्याजही घेऊन आलं. उलट्या थांबल्या नव्हत्या, छातीत जळजळ होती, आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, म्हणून बाई उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायच्या. लोकांची तोंडं काय, सुटलीच. "एवढं ऑपरेशन केलं, पण जिभेवर ताबा नको का?" हे कुणीतरी दारात उभं राहून म्हणालं. बाई आत ओट्यापाशी होत्या. त्यांनी ऐकलं आणि माझं भांडं घासत राहिल्या. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

शेवटी ताईंनी धरून बांधून त्यांना डॉक्टरांकडे जायला लावलं. दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं की त्या रोज काय खातात ते नीट सांगता आलं पाहिजे. रंगारी बोलण्यात कच्चा. गिऱ्हाईकालाही तो रंग कधी बोलून सांगायचा नाही, भिंतीवर हातभर फासून दाखवायचा. त्याने सरळ मला पिशवीत घातलं, बरोबर बटाटे, साय, दूध सगळं घेतलं, आणि निघाला. बाई म्हणाल्या, "अहो, शोभा होईल." तो म्हणाला, "होऊ दे. सांगून कळत नाही, दाखवावं लागतं."

डॉक्टरबाई चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या होत्या. मला टेबलावर बघून त्यांनी तो नाकावर घेतला. रंगाऱ्याने भिंतीत प्लग शोधला, बटण दाबलं आणि मी तिथे असा गर्जलो की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. मग वाटी पुढे करून तो अभिमानाने म्हणाला, "बघा डॉक्टर. गुठळी सापडली तर रंगारी नाव लावणार नाही."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. मग मात्र त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं. त्याच सकाळी बाईंना पांढरं औषध पाजून काढलेला तो एक्स-रे होता. कडं आपल्या जागेवरून सरकलं होतं आणि त्याच्या वर जठराचा भाग फुगून पिशवीसारखा झाला होता.

"हे कडं घट्ट घास अडवतं," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही केलंय ना, ते सरळ खाली वाहून जातं. पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि साय-साखर तर सगळी अंगी लागते."

रंगाऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "म्हणजे... मीच केलं हे?"

"नाही हो. त्यांना दुसरं काही जातच नव्हतं. तुम्ही जे जाईल ते दिलंत. असं सरकलेलं कडं घेऊन कुणालाच नीट जेवता येणार नाही." मग त्या बाईंकडे वळल्या. "आणि तुम्हीही ऐका. यात तुमचा काही गुन्हा नाही."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलंच नव्हतं.

मग डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. कडं काढावं तर लागेलच. नुसतं काढून थांबता येईल, पण वजन बहुतेक आणखी वाढेल. किंवा कडं काढून, आतलं बरं होऊ देऊन, काही महिन्यांनी जठराला वळसा घालून अन्नाची वाट बदलायचं दुसरं ऑपरेशन करता येईल. दुसऱ्या खेपेला धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, आणि खात्री कशाचीच देता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. बाई म्हणाल्या, "विचार करून सांगते."

  घरी आल्यावर रंगाऱ्याला राहवेना. "कडं काढ आणि बास कर," तो म्हणाला. "मला भीती वाटते. तू त्या ऑपरेशनच्या टेबलावरून उठलीच नाहीस तर मी काय करू?"

"आणि हे रोजचं चाललंय ते?" बाई म्हणाल्या. "मला तुमच्याबरोबर बसून पाव खायचाय हो. एक तुकडा. चावून." आणि लगेच हात झटकून म्हणाल्या, "पण जाऊ दे. एकदा नापास झाले ना, पुरे झालं. पुन्हा हसं नको करून घ्यायला."

निर्णय असा लोंबकळत राहिला. दवाखान्यातून फोन आला की बाई पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही असं सांगून ठेवून द्यायच्या. पंखा बंदच असायचा.

आता ताईंचं ऐका. त्या उतारवयात वहिनीकडे गाडी शिकत होत्या. मोठा रुबाब करून परीक्षेला गेल्या आणि चढावर गाडी पुढे जाईना, उलट मागे घसरली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी नापास केलं. दोन दिवस तणतणून त्या आमच्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कानाला खडा! पुन्हा त्या डब्याला हात लावणार नाही. माझ्याच्याने व्हायचं नाही ते."

मास्तरीणबाई चहा गाळत होत्या. त्या एकदम मास्तरीण झाल्या. "ताई, उगाच स्वतःला बोल लावू नका. मी गाडी दाखवून आणली. क्लचची प्लेट पार झिजली होती. अशा गाडीत मी बसले असते तरी चढावर मागे घसरली असती. प्लेट बदलून घेतलीय. आता पुन्हा बसायचं परीक्षेला, रडायचं नाही."

ताईंनी खुर्ची ओट्याजवळ ओढली. 

"काय गं," त्या म्हणाल्या, "हा न्याय फक्त नणंदेलाच का? गाडी बिघडलेली होती म्हणून मी नापास नाही. मग तुझ्या पोटातलं ते बिघडलेलं कडं? ते काय तू हाताने सरकवलंस?"

 बाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि चहा ओट्यावर सांडून माझ्या वायरपर्यंत आला. मी मनात म्हटलं, शॉक बसला तर सगळ्यांनाच बसेल.

"ऐक," ताईंचा आवाज मऊ झाला. "मीच सगळ्यात आधी तुझी चेष्टा केली, कुलूप आणि किल्ली म्हणून. ते मी मागे घेते. तू पुन्हा त्या टेबलावर जा, मी पुन्हा परीक्षेला जाते. बघू कोण घाबरतंय."

रंगारी दारात उभा होता. त्याने खांद्यावरच्या फडक्याने आधी डोळे पुसले, मग ओटा पुसला. म्हणाला, "मला भीती वाटतेच आहे. ती काही जायची नाही. पण तू जा. मी बाहेर बसतो."

बाईंनी स्वतःच दवाखान्यात फोन लावला. या वेळी पंखा चालू होता आणि त्यांनी तो बंद करून बोलणं केलं.

आधी कडं निघालं. मग मधले महिने गेले, आणि मग दुसरं ऑपरेशन झालं. त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी, शेगडी आणि नळ. माझ्यासारख्या बडबड्याला इतकी शांतता कधी सोसली नाही. संध्याकाळी कुलूप उघडलं, रंगारी एकटाच आत आला, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उठली रे. आधी मला विचारलं, जेवलात का." आणि ओट्याला टेकून खूप रडला, आनंदाने.

पुढे काही आठवडे माझी पुन्हा ड्युटी लागली. पण या वेळी कारभार वेगळा. साय नाही, साखर नाही. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी सांगितलेली डाळ, भाज्या, तेही वाटीभरच. मग रोज थोडं जाडसर. रंगाऱ्याला ते जाडसर ठेवणं किती जड गेलं म्हणून सांगू! बटणावरचा हात निघायचाच नाही. बाई ओरडायच्या, "अहो, पुरे! मी भिंत नाहीये."

आणि एक दिवस सफरचंदाची फोड आली. ताई समोर बसल्या होत्या. त्या पास झाल्या होत्या, आणि आता बाईंना तपासणीला गाडीतून त्याच न्यायच्या, इतक्या हळू की सायकलवाले मागे वळून बघायचे. रंगाऱ्याने माझा प्लग लावून ठेवला होता, असावा म्हणून. बाईंनी फोड दातांखाली धरली. कर्रकन आवाज झाला. मग त्या चावत राहिल्या, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तशा सावकाश. गिळलं. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. रंगाऱ्याचं बोट माझ्या बटणावर होतं.

"काढा तो हात," बाई म्हणाल्या. "उतरलं."

त्या संध्याकाळी रंगाऱ्याने मला धुतलं, पुसलं, वायर नीट गुंडाळली आणि माळ्यावर ठेवलं. वजन उतरतंय, सावकाश. कधी अडतं, बाईंना गोळ्या रोज घ्याव्या लागतात, तपासण्या आहेतच. पण त्या आडव्या होऊन झोपतात आणि गाडी मध्येच थांबवावी लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी ताट बाजूला सारत असेल, किंवा कुणाचं वजन वाढलेलं असेल, तर त्याला नावं ठेवायच्या आधी जवळ बसा. कुठे अडतंय, दुखतंय का, ते विचारा. आणि एखाद्याला एकदा जमलं नाही म्हणून त्याला नापास म्हणू नका. आधी गाडी तपासा.

माझी काळजी करू नका. मी बरा आहे. रोज जेवणाच्या वेळी खालून भाजलेल्या पावाचा कुरुम कुरुम आवाज येतो, ताईंसकट तीन माणसांचा. मला आता त्यातला बाईंचा बरोबर ओळखू येतो. तो सगळ्यात हळू असतो आणि सगळ्यात शेवटी थांबतो.